टाय रॉडचा रॉड एंड वारंवार तुटतो किंवा खिळखिळा होतो : कारण कसे शोधावे आणि नवा कसा निवडावा

बाहा या खडबडीत मैदानावरच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून आणि पावसाळ्यात चिखलवाटांवर जीप घालणाऱ्या मित्रांकडून मला दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. पुढच्या चाकाजवळचा, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाचा रॉड एंड तुटतो. नवा बसवला की दोन-तीन चाचण्यांनंतर तोही तुटतो, आणि तुटला नाही तर इतका ढिला होतो की उचललेले चाक हाताने हलवले तरी टकटक आवाज येतो. यावरचा पहिला उपायही ठरलेला असतो. ८ मि.मी.चा तुटला म्हणून १० चा बसवायचा, १० चा तुटला की १२ चा. हा उपाय कधी कधी लागू पडतो, पण तो का लागू पडला हे कळत नाही आणि लागू पडला नाही तर पुढे कोठे पाहायचे हेही कळत नाही. मी स्वतः ज्या क्रमाने तपासणी करतो तो क्रम आणि त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक सूचना. पुढील सर्व विवेचन स्पर्धेच्या किंवा बंदिस्त मैदानावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या नोंदणीकृत गाडीच्या स्टेअरिंगमध्ये कंपनीने दिलेला रबरी टोपीचा बॉल जॉइंट काढून रॉड एंड बसवू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांवर मर्यादा घालते, हे एक कारण. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे कारण असे की तो बॉल जॉइंट धूळ, पाणी आणि हजारो किलोमीटरची झीज सोसण्यासाठीच बनवलेला असतो, आणि रॉड एंड तसा नसतो.

आटे पाडलेला एक दांडा, त्याच्या टोकाला कडे आणि त्या कड्यात सर्व दिशांना फिरणारा, आरपार भोक असलेला बॉल, एवढीच रॉड एंडची रचना असते. काही जण त्याला रोज जॉइंट म्हणतात, काही जण हाईम जॉइंट. ही दोन्ही नावे अनुक्रमे ब्रिटनमधील आणि अमेरिकेतील जुन्या उत्पादकांवरून पडली आहेत आणि वस्तू एकच आहे. दांड्याच्या सरळ रेषेत ओढ किंवा दाब घेण्यासाठी तो घडवलेला असतो. त्या रेषेतला भार तो उत्तम पेलतो. आडव्या भाराने दांडा वाकू लागतो आणि बॉलच्या भोकाच्या अक्षाच्या दिशेने भार आला तर बॉल कड्यातून बाहेर ढकलला जाऊ लागतो. या दुसऱ्या दिशेची क्षमता मूळ क्षमतेचा लहानसा हिस्साच असते. हिशेबासाठी मी ती दहा टक्केच धरतो.

तुटलेला तुकडा टाकून देऊ नका

तपासणीची सुरुवात तुटलेल्या तुकड्यापासून करावी. दुर्दैवाने चिखलात गाडी अडकलेली असताना तो तुकडा तिथेच राहतो आणि कार्यशाळेत फक्त नवा भाग येतो. आमच्याकडे आता प्रत्येक तुटलेला जॉइंट तारीख आणि जागा लिहून डब्यात ठेवण्याची सक्ती आहे.

तुटलेला पृष्ठभाग रॉकेलने धुऊन, मऊ ब्रशने पुसून, उन्हात भिंगाखाली पाहावा. त्याला लोखंडी ब्रश लावू नये, कारण त्याने खुणा पुसल्या जातात. संपूर्ण पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार आणि एकसारख्या रंगाचा असेल आणि दांडा वाकलेला असेल, तर तो एकाच मोठ्या दणक्याने तुटला आहे. दगडावर चाक आपटले किंवा उडी चुकली, असे काहीतरी घडलेले असते. पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत असेल, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा अर्धवर्तुळाकार रेघा असतील आणि उरलेला थोडासा भागच खडबडीत असेल, तर तडा पूर्वीच पडलेला होता, तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा वाढत होता आणि शेवटी उरलेली धातू तुटली. याला थकव्याने तुटणे म्हणतात. रेघांचे केंद्र जिकडे असते तिकडून तडा सुरू झालेला असतो. ते केंद्र आट्याच्या तळाशी, चेक नटच्या (दांडा फिरू नये म्हणून नळीवर आवळलेल्या नटच्या) कडेला लागून असेल, तर दांड्यावर वाकवणारा भार येत होता, असे जवळजवळ निश्चित समजावे. शुद्ध ओढ-दाबाने योग्य मापाचा रॉड एंड या जागी सहसा तुटत नाही.

दांडा शाबूत असून बॉलच कड्यातून निसटला असेल, तर भार अक्षाच्या दिशेने येत होता किंवा आतले अस्तर झिजून संपले होते. कडेच फाटले असेल आणि फाटलेल्या जागेजवळ त्याच्या खांद्यावर चकचकीत चंद्रकोरीसारखी खूण असेल, तर बॉल त्याच्या तिरकस होण्याच्या मर्यादेपलीकडे जाऊन वॉशर किंवा कंस कड्यावर आदळत होता. ही चंद्रकोर मला इतक्या तुकड्यांवर दिसली आहे की आता मी तिलाच प्रथम शोधतो.

एक प्रत्यक्ष प्रकरण

तीन वर्षांपूर्वी एका संघाची गाडी माझ्याकडे आली. तिचा पुढचा डावा बाहेरचा रॉड एंड एकाच हंगामात तीन वेळा तुटला होता. पहिला एम ८ चा होता, नंतरचे दोन एम १० चे. उजवा मात्र एकदाही तुटला नव्हता, त्यामुळे मुलांनी चालकाच्या वळण घेण्याच्या सवयीपासून ट्रॅकच्या दिशेपर्यंत अनेक तर्क केले होते. तिसरा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. त्याच्या आट्याच्या तळाशी शिंपल्यासारख्या रेघा होत्या आणि कड्याच्या वरच्या खांद्यावर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर होती. उजव्या बाजूचा शाबूत जॉइंट उतरवून पाहिला तेव्हा त्यावरही तशीच, पण फिकट खूण आढळली. म्हणजे दोष दोन्ही बाजूंना होता. डावीकडे तो आधी प्रकट झाला एवढेच.

आम्ही दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर उतरवले, गाडी स्टँडवर घेतली आणि जॅकने चाक पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत हळूहळू नेले. प्रत्येक २५ मि.मी.ला थांबून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले आणि टाय रॉडचा कोन कोनमापकाने मोजला. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चाकाला जेथे थांबवतो ती खालची आणि वरची हद्द आधीच खुणा करून ठेवली होती. चाक पूर्ण लोंबकळत असताना टाय रॉड बॉलच्या मध्य स्थितीपासून १७ अंश तिरका होत होता. बाजारात पीओएस या नावाने मिळणाऱ्या साध्या, बाहेरून आटे पाडलेल्या दांड्याच्या रॉड एंडमध्ये बॉल साधारण १३ ते १४ अंशच तिरका होऊ शकतो. उरलेले ३ अंश कोठून येणार? ते दांडा वाकवूनच येत होते. गाडी उडाली आणि चाके लोंबकळली की प्रत्येक वेळी दांडा थोडा वाकत होता आणि जमिनीवर आली की सरळ होत होता.

डावा आधी तुटण्याचे कारण चेक नटमध्ये सापडले. टो (पुढची चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते प्रमाण) जुळवल्यानंतर चेक नट घट्ट करताना कडे पान्याने धरले नव्हते, त्यामुळे ते नटसोबत फिरून एका बाजूला कलले होते. बॉलला जेवढे अंश मिळतात ते सर्व दिशांना मिळून मिळतात. दांड्याभोवतीच्या कलण्यातच १० अंश खर्च झाले, तर १४ अंशांच्या जॉइंटमध्ये वर-खाली होण्यासाठी दहाच्याही आत अंश उरतात. उजवीकडे कडे योगायोगाने मधोमध राहिले होते.

येथे एम ८ ऐवजी एम १० बसवून फारसे काही साधले नाही, याचे कारणही आता स्पष्ट होईल. त्याच मालिकेतील मोठा रॉड एंड तिरकस होण्याचा कोन वाढवत नाही. सक्तीचे वाकणे आहे तसेच राहते, आणि जाड दांडा त्याच कोनातून वाकवायला उलट अधिक जोर लागतो.

वाकवणारा भार किती घातक असतो, याचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक संघाने एकदा स्वतः कागदावर करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एम १० च्या १.५ मि.मी. आट्याच्या दांड्याचे ताण घेणारे क्षेत्रफळ ५८ चौरस मि.मी. असते. १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो वजनाइतका भार दांड्याच्या रेषेत आला, तर ताण सुमारे १७ मेगापास्कल होतो. तोच भार आडवा आला आणि बॉलचे केंद्र चेक नटपासून २५ मि.मी. दूर असेल, तर आट्याच्या तळाचा ८.१६ मि.मी. व्यास धरून वाकण्याचा ताण सुमारे ४७० मेगापास्कल येतो. भार तोच आणि दांडा तोच असताना ताण सत्तावीस पटींनी वाढतो. आट्याचा तळ खाचेसारखा असल्यामुळे तेथे ताण आणखी एकवटतो, तो भाग या हिशेबात धरलेलाच नाही.

एम १२ घेतला तर हा ताण सुमारे २६६ मेगापास्कलवर येतो. म्हणजे मोठे माप घेतल्याने फायदा होतो, हे खरे आहे, पण तो पावणेदोन पटींचा. वाकवणारा भार काढून टाकला तर होणाऱ्या फायद्यापुढे तो नगण्य आहे.

याच कारणाने ए-आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या त्रिकोणी आर्मच्या) बाहेरच्या टोकाला, चाक ज्यावर बसते त्या नकलजवळ, रॉड एंड बसवण्याला मी स्पष्ट विरोध करतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, जुळवणे सोपे जाते म्हणून अनेक संघ तसे करतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर खालच्या आर्मवर टेकलेला असेल, तर जमिनीकडून येणारा सगळा उभा भार त्या एका जॉइंटमधून आर्ममध्ये जातो. उडीनंतर तेथे ३००० न्यूटन आले आणि अंतर २८ मि.मी. असले, तर एम १२ च्या दांड्यातही वाकण्याचा ताण ९०० मेगापास्कलच्या जवळ पोहोचतो. साध्या कार्बन पोलादाचा दांडा त्याच्या कितीतरी आधीच कायमचा वाकतो. शिवाय बोल्ट उभा असल्यामुळे हाच भार बॉलला कड्यातून वर ढकलत असतो, म्हणजे दोन्ही कमकुवत दिशांना एकाच वेळी भार येतो.

त्या जागी दोन पर्याय चांगले आहेत. पहिला पर्याय म्हणजे लहान मोटारीचा बॉल जॉइंट. आपल्याकडील अनेक बाहा संघ मारुती ८०० किंवा अल्टोचे भाग वापरतात आणि हे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, ही त्यांची मोठी सोय आहे. दुसरा पर्याय म्हणजे आर्मच्या टोकाला लेथवर बनवलेली वाटी वेल्ड करून तीत गोलाकार बेअरिंग दाबून बसवणे आणि सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, अडवणे. यात आट्याचा दांडाच नसल्याने वाकण्याचा प्रश्न राहत नाही, पण वाटीची बाजू नीट ठरवावी लागते. खालच्या आर्ममध्ये बॉल वरच्या दिशेने ढकलला जातो, म्हणून वाटीचा भरीव काठ वरच्या बाजूला आणि सर्क्लिप खालच्या बाजूला हवी. ही वाटी उलटी वेल्ड झालेली आणि सगळा भार दीड मि.मी. जाडीच्या सर्क्लिपवर आलेला मी पाहिला आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने वाटीचे भोक आक्रसते आणि लंबगोल होते, त्यामुळे वेल्डिंग आधी करून अंतिम बोअरिंग नंतर करावे.

तुटत नाही, पण ढिला होतो

खिळखिळेपणाची चाचणी दोन माणसांनी करावी. एकाने स्टेअरिंग थोडेसेच, हाताच्या रुंदीएवढे, डावीकडे-उजवीकडे भराभर हलवावे आणि दुसऱ्याने एक बोट बॉलला किंवा बोल्टच्या डोक्याला आणि कड्याला असे एकाच वेळी टेकवून धरावे. दोन्ही भाग एकत्र हलत असतील तर जॉइंट चांगला आहे. बॉल आधी हलला आणि कडे नंतर, हे बोटाला ताबडतोब जाणवते. आकडा हवा असेल तर डायल गेज लावावा. स्टेअरिंगमधील जॉइंटमध्ये पाव मि.मी. खेळ दिसला की मी तो बदलतो. पाव मि.मी. ऐकायला किरकोळ वाटते. पण टाय रॉड ज्याला जोडलेला असतो तो स्टेअरिंग आर्म ७५ मि.मी. लांबीचा असेल आणि टाय रॉडच्या दोन्ही टोकांना तेवढा खेळ असेल, तर चाक सुमारे ०.३८ अंश मोकळे फिरते, म्हणजे २३ इंची टायरच्या पुढच्या कडेला जवळजवळ २ मि.मी. त्याहून वाईट असे की खेळ निर्माण झाल्यावर प्रत्येक धक्का हातोडीसारखा बसतो, त्यामुळे पुढची झीज आधीपेक्षा वेगाने होते.

मात्र बदलण्याआधी खेळ नेमका कोठे आहे ते पाहावे. मला दाखवलेल्या कित्येक खिळखिळ्या जॉइंटमध्ये बॉल घट्टच होता आणि खेळ बोल्ट व भोक यांच्यामध्ये होता. १० मि.मी.च्या भोकात संपूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट घातला की आट्यांच्या टोकांवरच भार येतो, ती टोके चेपली जातात आणि काही तासांत खेळ तयार होतो. बॉल ज्या भागावर बसतो तेथे बोल्टचा गुळगुळीत भागच हवा. त्याची लांबी मोजून बोल्ट घ्यावा आणि जास्तीचे आटे कापावेत.

खरी झीज असेल तर तिचे कारण बहुतेक वेळा धूळ-चिखल आणि चुकीची निगा हेच असते. रॉड एंडचे आतले अस्तर तीन-चार प्रकारचे असते आणि प्रत्येकाची निगा वेगळी असते. पोलादी बॉल व पितळी किंवा कांस्य अस्तर असलेल्या प्रकाराला नियमित ग्रीस लागते, आणि त्यासाठी कड्यावर निपल असलेला नमुनाच घ्यावा. टेफ्लॉनचे विणलेले अस्तर असलेला प्रकार कोरडाच चालवायचा असतो. त्याला ग्रीस लावणे म्हणजे धुळीला चिकटायला जागा करून देणे होय, आणि गंज सोडवणारे फवारे अस्तरात मुरून ते सैल करू शकतात. नायलॉनचे अस्तर हलक्या यंत्रांतील कामासाठी ठीक आहे, पण गाडीच्या स्टेअरिंगमध्ये ते दणक्यांनी चेपले जाते, म्हणून तेथे ते घेऊ नये. थेट पोलादावर पोलाद असलेला प्रकार भार अधिक घेतो, पण तो सुरुवातीपासूनच थोडा सैल असतो आणि आवाज करतो.

आपल्याकडच्या मातीचा विचार येथे करावाच लागतो. कोरड्या दिवसांत मुरमाची बारीक भुकटी अस्तर आणि बॉलच्या फटीत शिरते आणि पॉलिश पेपरसारखे काम करते. पावसाळ्यात काळी माती कड्याच्या दोन्ही तोंडांशी साचते, गाडी आठवडाभर उभी राहिली की वाळून कडक कडी बनते, आणि पुढच्या वेळी बॉल फिरताना तीच कडी अस्तराची कड खरवडते. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होऊ लागली. तेथील जांभ्याच्या लाल चिखलात आणि पाण्यात तासन् तास चालणाऱ्या गाड्यांना रबरी टोपीविना उघडा जॉइंट फार काळ टिकत नाही. रॉड एंडसाठी दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या रबरी टोप्या मिळतात. त्या स्वस्त आहेत आणि माझ्या अनुभवात टिकाऊपणात सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडतो. टोपी बसत नसेल आणि गाडी सतत पाण्या-चिखलात जाणार असेल, तर निपल असलेला पितळी अस्तराचा जॉइंट मी पसंत करतो, कारण प्रत्येक धुण्यानंतर स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबून आतला चिखल तरी काढता येतो. धुताना मोठ्या दाबाच्या पाण्याचा फवारा जॉइंटवर रोखू नये. तो चिखल बाहेर काढण्याऐवजी आत लोटतो. मऊ ब्रश आणि साधे पाणी वापरावे, मग हवा मारून लगेच वाळवावे.

खरेदी करताना

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कोणत्याही औद्योगिक वसाहतीजवळच्या बेअरिंगच्या दुकानात नुसते ‘१० चा रॉड एंड द्या’ म्हटले तर मिळणारी वस्तू बहुधा यंत्रांच्या लिंकेजसाठी बनवलेली असते. पॅकिंग यंत्रात ती वर्षानुवर्षे चालते, म्हणून ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही; तिचे काम वेगळे आहे. माप एकच असले तरी साधे कार्बन पोलाद आणि उष्णतासंस्कार केलेले क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद यांच्या जॉइंटांच्या भारक्षमतेत दुपटीहून अधिक फरक असू शकतो. म्हणून कॅटलॉगमधील स्थिर भारक्षमता, दांड्याचे पोलाद, अस्तराचा प्रकार आणि तिरकस होण्याचा कोन या चार गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय स्टेअरिंगसाठी जॉइंट घेऊ नये. कॅटलॉगचे पान न देऊ शकणाऱ्या विक्रेत्याकडून यंत्राचा भाग घ्यावा, गाडीचा नको.

हातात घेतल्यावर बॉल बोटाने फिरवून पाहावा. टेफ्लॉन अस्तराचा नवा जॉइंट चांगलाच घट्ट असतो आणि बॉल फिरवायला बोल्ट घालून जोर द्यावा लागतो. हे चांगले लक्षण आहे. तो सहज गरगर फिरत असेल तर एक तर तो त्या प्रकारचा नाही किंवा त्याचे अस्तर सैल आहे. बॉलवरचा क्रोमचा थर आरशासारखा असावा. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे जरी खड्डे दिसले तरी ते पुढे अस्तर कापत राहतात.

टाय रॉडच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे घ्यावेत, म्हणजे जॉइंट न उतरवता नळी फिरवून टो जुळवता येतो. आपल्याकडे डावे आटे मिळायला वेळ लागतो, म्हणून अनेक जण दोन्हीकडे उजवेच बसवतात. मग प्रत्येक समायोजनाला अर्धा फेरा मोजून जॉइंट काढावा लागतो आणि घाईत कडे मधोमध ठेवायचे राहून जाते. थोडे थांबून जोडी घ्यावी.

कोनाचा प्रश्न असेल तर दोन मार्ग आहेत. अधिक कोनासाठी बनवलेला रॉड एंड मिळतो, किंवा मोठ्या भोकाच्या जॉइंटमध्ये दोन्ही बाजूंनी पायरीचे निमुळते बुश घालून लहान बोल्ट वापरता येतो. त्या संघासाठी आम्ही दुसरा मार्ग घेतला. १२ मि.मी. भोकाचा टेफ्लॉन अस्तराचा जॉइंट आणि ईएन २४ पोलादाचे, १० मि.मी. बोल्टसाठी लेथवर काढलेले बुश, असा तो जोड होता, आणि त्यात बॉल २४ अंशांपर्यंत कुठेही न अडता तिरका झाला.

बुश घातल्याचे दोन परिणाम मात्र लक्षात ठेवावे लागतात. बॉलचे केंद्र स्टेअरिंग आर्मपासून दूर जाते, त्यामुळे एकाच बाजूने धरलेल्या बोल्टवर वाकवणारा भार वाढतो. पूर्वी ते अंतर ७ मि.मी. होते, ते १५ झाले, म्हणजे बोल्ट दुपटीहून अधिक वाकू लागला असता. म्हणून आर्मला दुसरा कान वेल्ड करून बोल्ट दोन्ही बाजूंनी धरला. दुसरे असे की केंद्राची उंची बदलली की चाक वर-खाली होताना टो बदलू लागतो. नवे कान त्या हिशेबाने खाली घ्यावे लागले आणि चाक वर-खाली नेऊन टोची मोजणी पुन्हा करावी लागली.

बसवताना

दोन्ही बाजूंनी धरणे शक्य नसेल, तर बॉलच्या मोकळ्या बाजूला कड्याच्या भोकापेक्षा मोठे सुरक्षा वॉशर घालावे. अस्तर संपून कडे बॉलवरून निसटले, तरी ते बोल्टवरच अडकून राहते आणि चालकाला गाडी थांबवण्यापुरते स्टेअरिंग मिळते. हे वॉशर थेट बॉलला चिकटवू नये. मध्ये लहान निमुळता बुश घालावा, नाहीतर तेच वॉशर कड्यावर आदळून वर सांगितलेली चंद्रकोर उमटवते.

दांडा नळीच्या बुशमध्ये व्यासाच्या किमान दीडपट आत गेला पाहिजे, म्हणजे एम १० साठी १५ मि.मी. नळीच्या बुशला बाजूने एक बारीक भोक पाडून ठेवले की आत दांडा आहे की नाही हे तार घालून पाहता येते. चेक नटच्या बाहेर दिसणारे आटे जितके कमी तितके चांगले, कारण बाहेर राहिलेला प्रत्येक आटा वाकवणाऱ्या भाराची तरफ लांब करतो. टो जुळत नाही म्हणून दांडा बाहेर काढत जाण्यापेक्षा नळी नव्याने कापावी.

चेक नट घट्ट करताना कडे पान्याने मधोमध धरावे. घट्ट झाल्यावर टाय रॉड हाताने स्वतःभोवती फिरवून पाहावा. तो दोन्ही दिशांना सारखाच थोडासा डुलला पाहिजे. एका बाजूला लगेच अडत असेल तर नट सोडून पुन्हा घट्ट करावा. मग नट आणि नळीवर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे पिटमध्ये दहा सेकंदांत कळते. सुटा चेक नट हा स्वतंत्र दोष आहे. तो सुटल्यावर दांड्याचे आटे बुशच्या आट्यांत घासत राहतात, आणि तो खेळ बॉलचाच आहे असे समजून लोक चांगला जॉइंट फेकून देतात.

बोल्ट १०.९ दर्जाचा, खुणा स्पष्ट उमटलेला आणि विश्वासू दुकानातला घ्यावा. १२.९ चा बोल्ट झिंकचा मुलामा देऊन आणू नये. मुलाम्याच्या प्रक्रियेत शिरलेल्या हायड्रोजनने इतके कठीण पोलाद ठिसूळ होऊ शकते. नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट काढला की तो पुन्हा वापरू नये.

त्या गाडीचे पुढे असे झाले. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खालच्या हद्दीपाशी एक पट्टा लावून आम्ही चाकाचे लोंबकळणे २० मि.मी.ने कमी केले, वर सांगितलेले बुश आणि दुसरे कान बसवले आणि पुढच्या चाचण्यांत दर चार तासांनी जॉइंट उतरवून दांड्यांच्या आट्यांवर डाय पेनिट्रंट फवारून तडे शोधले. सलग पाच वेळा काही आढळले नाही, तेव्हा हे अंतर आठ तासांवर नेले. मध्य प्रदेशातील पिथमपूरला बाहाच्या चार तासांच्या अंतिम शर्यतीसाठी जाताना संघाने सुटे रॉड एंड नेण्याऐवजी जॉइंट, चेक नट आणि नळीसह पूर्ण जुळवलेले दोन टाय रॉड नेले, दोन्ही भोकांमधील लांबी मि.मी.मध्ये नळीवरच कोरून, म्हणजे शर्यतीत बदलावा लागलाच तर दोन बोल्ट काढून-घालून काम होईल आणि टो पुन्हा मोजत बसावा लागणार नाही.